‘जीव घाबरा होतोय’ हे मिडवाइफला कसं सांगायचं? इंग्लंडमध्ये पहिलं बाळंतपण असणाऱ्या मराठी घरांसाठी

रात्री साडेनऊला फोन आला. मी फोनवरून दुभाषी म्हणून काम करते. पलीकडे एक मिडवाइफ (इथली प्रशिक्षित सुईण), सिझेरियन होऊन पाच दिवस झालेली सातारकडची एक बाळंतीण आणि तिचा नवरा. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मला लाइनवर घेण्याआधी अर्धा तास नवराच भाषांतर करत होता. बायको म्हणत होती, “जीव घाबरा होतोय.” त्याने सांगितलं, ती जरा नर्व्हस आहे. मिडवाइफने तिचा हात थोपटला. पहिलटकरणीला असं होतंच, म्हणाली.

नवऱ्याला बोल लावायचा नाही. घाबरणं म्हणजे भिणं, हे कुणीही सांगेल. पण आपल्याकडे जीव घाबरा होतो तेव्हा माणूस भ्यालेला नसतो. त्याला श्वास पुरत नसतो, छातीत धडधडत असतं, आत काहीतरी बिनसलंय हे शरीर सांगत असतं. मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाडी १३० निघाली. मध्यरात्रीच्या सुमारास स्कॅनमध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी दिसली. बाई वाचली, आज ठणठणीत आहे. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि हा लेख त्या अर्ध्या तासामुळेच लिहितेय.

आधी भीती मापात घेऊ

ब्रिटनमध्ये गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत बाई दगावली, तर त्या प्रत्येक मृत्यूची गोपनीय चौकशी होते. इंग्लंड-वेल्समध्ये ही पद्धत १९५२ पासून आहे. आता हे काम एम्ब्रेस-यूके हा प्रकल्प करतो आणि तो ऑक्सफर्डमधून चालतो. त्यांच्या हिशोबाने २०२०-२२ या तीन वर्षांत दर लाख बाळंतपणांमागे साधारण १३ बायका दगावल्या. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ होता आणि भारताचा ९७. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण अंदाज येतो. बाळंतपणासाठी हा देश धोक्याचा नाही, एवढं मनाशी पक्कं करा.

प्रश्न त्या तेरांच्या आतला आहे. त्याच तीन वर्षांत कृष्णवर्णीय बायकांना असलेला धोका गोऱ्या बायकांच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि एशियन बायकांना असलेला जवळजवळ दुप्पट. इथल्या कागदांवर ‘एशियन’ म्हणजे प्रामुख्याने आपण: भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. २०१४-१६ च्या आकड्यांत कृष्णवर्णीय बायकांसाठी हे प्रमाण पाचपट होतं. त्या पाचच्या आकड्यावरूनच दोन कृष्णवर्णीय आयांनी २०१९ मध्ये ‘फाइव्ह एक्स मोअर’ ही संस्था काढली. मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाणही कृष्णवर्णीय आणि एशियन घरांत जास्त आहे. गरीब वस्त्यांत राहणाऱ्या बायकांना जास्त धोका असतो हे खरं, पण गरिबीचा हिशोब वेगळा काढला तरी वंशाची दरी उरतेच.

हे ऐकलं की आपल्यातले बरेच जण लगेच म्हणतात, “आपल्याकडे डायबेटिस जास्त ना, म्हणून.” काही अंशी खरं आहे. पण मृत्यूंच्या फाइली उघडल्या की दुसरंच दिसतं: लक्षण सांगितलं होतं पण नोंदलं नाही, दुभाषी बोलावला नाही, परत या म्हणून घरी पाठवलं. इथल्या काही रुग्णालयांत एकेकाळी दुखतंय म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी ‘मिसेस बीबी सिंड्रोम’ असा खासगी शब्द चालत असे. म्हणजे या बायका उगाच कण्हतात. शब्द आता उघडपणे ऐकू येत नाही, पण तो ज्या समजातून आला तो समज नाहीसा झालाय असं मला वाटत नाही.

ही दुरुस्ती खरं तर व्यवस्थेने करायची आहे, कळा देणाऱ्या बाईने नाही. तरीही ती होईपर्यंत पोट थांबणार नाही, म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी १: दहाव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवा

आपल्याकडे तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. शेजाऱ्यांना नका सांगू, पण एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला सांगा. जीपीकडे (आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) जायलाच हवं असंही नाही. बहुतेक रुग्णालयांच्या वेबसाइटवर स्वतःच अर्ज भरता येतो. पहिल्या मोठ्या भेटीला इथे ‘बुकिंग’ म्हणतात आणि ती दहा आठवडे भरायच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. उशीर झाला तर काही तपासण्यांची वेळ निघून जाते. आपल्या बायकांचं बुकिंग उशिरा होतं, त्याचं एक कारण ही गुप्तता आणि दुसरं म्हणजे “आधी इंडियाला जाऊन आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ.”

पैशाची धास्ती असेल तर: वर्क व्हिसावर किंवा डिपेंडंट म्हणून आलात तेव्हा इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला असतो (फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड). त्यात बाळंतपण येतं, वेगळं बिल येत नाही. व्हिजिटर व्हिसावर असलेल्या बाईला बिल येतं, आणि ते मोठं असतं, पण पैसे नाहीत म्हणून प्रसूतीची सेवा अडवता किंवा लांबवता येत नाही, हा नियम आहे. मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झेम्प्शनचा अर्ज भरून घ्या. बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि दातांचे उपचार फुकट मिळतात. हे कुणी आपणहून सांगेलच याची खात्री नाही.

आणखी एक धक्का आधीच पचवून ठेवा: इथे दर महिन्याला सोनोग्राफी नाही. सगळं सुरळीत असेल तर दोनच, एक ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आणि एक विसाव्याच्या आसपास. पहिलटकरणीला एकूण दहाएक भेटी आणि त्याही बहुतेक मिडवाइफच्या. डॉक्टर दिसले नाहीत म्हणजे दुर्लक्ष झालं असं नाही.

पायरी २: पहिल्या भेटीत घराणं उलगडा

बुकिंगला तास-दीड तास प्रश्न विचारतात. ‘नो, नो, नो’ म्हणत सुटू नका. आईला गरोदरपणात बीपी होतं का, बहिणीला शुगर निघाली होती का, घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का, हे भेटीआधी फोन करून विचारून घ्या. आपल्या घरांत “तुझ्या वेळी मला झटके आले होते” हे आई तीस वर्षं सांगत नाही, आणि नात होणार म्हटल्यावर सहज बोलून जाते.

वंश कुठला, हे विचारणारा एक फॉर्म असतो आणि तो थॅलेसेमिया व सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी असतो. विदर्भातल्यांनी इथे थांबायचं. सिकलसेल म्हटलं की इथे पटकन आफ्रिकन आणि कॅरिबियन कुटुंबं डोळ्यांसमोर येतात. पण गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपासून नंदुरबारपर्यंत आपल्याकडेही हा आजार आहे. घरात कुणी ‘पॅटर्न’चं (म्हणजे सिकलसेलचं वाहक किंवा रुग्ण) असेल, कुणाला वारंवार सांधे दुखून रक्त चढवावं लागलं असेल, तर तोंडाने सांगा. आई वाहक निघाली तर बापाचीही तपासणी होते. लाजू नका, कुणाची जात विचारली जात नाहीये.

गावाहून आणलेली चूर्णं, भस्मं, काढे हेही सांगा. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे. “ते आयुर्वेदिक आहे, औषध नाही” या वाक्यामुळे फॉर्मवर ‘काही घेत नाही’ असं लिहिलं जातं.

फॉलिक अ‍ॅसिड १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम. डी मात्र विसरू नका. आपली त्वचा आणि इथलं ऊन यांचं जमत नाही. याला एक जुना पदर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या लोकांच्या मार्गारीनमध्ये व्हिटॅमिन डी घातलं आणि मुडदूस आटोक्यात आला. पुढे तोच आजार एशियन मुलांत दिसला, तेव्हा चपातीच्या पिठात डी घालण्याऐवजी १९८१ मध्ये मोहीम काढली आणि एशियन आयांना आहार-राहणी बदलायला सांगितलं.

पायरी ३: दुभाषी मागा, नवऱ्याला सुट्टी द्या

तुमचं इंग्रजी ऑफिसला पुरतं म्हणून ते कळा येताना पुरेल असं नाही. दुभाषी फुकट असतो, तो मागणं हा कमीपणा नाही आणि घरच्या माणसाकडून भाषांतर करून घेऊ नये अशी एनएचएसचीच सूचना आहे. कारणं सरळ आहेत. नवऱ्यासमोर बाई सगळं बोलत नाही, सासूसमोर त्याहून नाही. आणि नवरा स्वतःच घाबरलेला असतो.

बुकिंगलाच नोंद करायला सांगा आणि भाषा ‘मराठी’ अशीच लिहून घ्या. ‘इंडियन’ लिहिलं तर गुजराती किंवा पंजाबी दुभाषी येतो, आणि मग बिचारी बाई अर्ध्या हिंदीत उरकते. मराठी दुभाषी बहुधा फोनवरच मिळतो. स्पीकर लावायला सांगा. “मी म्हणते तेवढंच आणि सगळं सांगा” असं दुभाष्याला बजावायचा तुम्हाला हक्क आहे. आम्हाला राग येत नाही.

पायरी ४: आपले शब्द फोडून सांगा

हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली दुखण्याची भाषा समृद्ध आहे आणि नेमकी तीच वाटेत सांडते. ‘जीव घाबरा’ वर आलंच. तसेच काही:

‘कसकस’, ‘कणकण’. भाषांतरात याचं होतं ‘बरं वाटत नाहीये’. सांगायचं असं: अंग तापल्यासारखं आहे, थंडी वाजून हुडहुडी भरते, तापमान इतकं होतं, अमुक वाजता मोजलं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर हुडहुडी म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात गेल्याची खूण असू शकते. बेळगावची सविता हलप्पनवार ही दंतवैद्य ऑक्टोबर २०१२ मध्ये शेजारच्या आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यात आपोआप गर्भपात होत असताना अशाच सेप्सिसने गेली. गर्भपाताची विनंती त्या देशाच्या कायद्याकडे बोट दाखवून नाकारली गेली, हे सगळ्यांना आठवतं. तिच्या देखभालीत हस्तक्षेपाच्या १३ संधी हुकल्या, हे नंतरच्या सरकारी चौकशीत निघालं, ते कमी जणांना माहीत आहे.

‘अंगावरून जातंय.’ रक्त, पाणी की पांढरं? रंग कोणता, पॅड किती वेळात भिजला? पॅड टाकू नका, सोबत न्या किंवा फोटो काढा. किळस वाटेल, पण मिडवाइफला नाही वाटणार.

‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ आणि ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ या दोन गोष्टी वेगळ्या. पहिली अशक्तपणाची असू शकते. दुसरी, त्यात असह्य डोकेदुखी, बरगड्यांखाली दुखणं, तोंड-हात एकाएकी सुजणं आलं तर ती प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजाराची असू शकते. बीपी १४०/९० च्या वर गेलं की फोन, त्याच दिवशी.

‘पोटरीत गोळा आलाय.’ आपल्याला वाटतं क्रॅम्प. एकच पाय सुजलाय का, लाल-गरम आहे का, दाबलं की दुखतं का, हे सांगा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून आकडे सांगा. २०२०-२२ मध्ये ब्रिटनमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रक्ताच्या गुठळ्या हेच होतं.

आणि आपली ती सवय! कुणी ‘हाऊ आर यू?’ विचारलं की ‘फाइन, थँक यू’. हे चहापानाला ठीक. दुखणं शून्य ते दहात किती, असं विचारलं तर विनयाने चार सांगू नका. आठ असेल तर आठच. ओरडणारी बाई ‘नाटकी’ ठरते आणि शांत बाई ‘आरामात आहे’ असं कागदावर लिहिलं जातं. दोन्हींवर उतारा एकच: आकडा, वेळ आणि काल काय होतं, आज काय बदललं.

पायरी ५: शुगरची चाचणी स्वतःहून विचारा

गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका आपल्या वंशात जास्त आहे, म्हणून भारतीय उपखंडातून आलेल्या बाईला २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी द्यावी असं इथली मार्गदर्शक सूचनाच सांगते. बारीक आहात म्हणून टाळू देऊ नका. आपल्याकडे कमी वजनातही शुगर निघते. उपाशीपोटी ५.६ किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी ७.८ किंवा जास्त आली तर निदान होतं. हे आकडे बघून आईला फोनवर “शुगर पाच आहे” म्हणालात तर ती हातातलं काम टाकेल. इथलं एकक वेगळं आहे. १८ ने गुणा: १०१ आणि १४०.

मग आहारतज्ज्ञ एक छापील कागद देतात, त्यात ब्रेड, पास्ता आणि ‘करी’. भाकरी किती, पोह्यांची वाटी केवढी, वरण-भातात भात किती, हे त्यात नसतं. एका आठवड्याचं जेवण फोटो काढून दाखवा. मी पाहिलेल्या एका तरुण आहारतज्ज्ञाने ज्वारीच्या भाकरीचं वजन तिथल्या तिथे करून घेतलं होतं. असे लोकही भेटतात.

पायरी ६: बाळाची हालचाल

ठरावीक दहा लाथा मोजायच्या नाहीत, तुमच्या बाळाची रीत ओळखायची. ती कमी झाली किंवा बदलली की मॅटर्निटी ट्रायाजला (रुग्णालयातल्या प्रसूतीच्या तातडीच्या तपासणी कक्षाला) फोन करायचा. नंबर तुमच्या नोंदींच्या पुस्तकावर किंवा अ‍ॅपवर असतो, तिथे रात्रंदिवस कुणीतरी असतं. “उद्या सकाळी बघू”, “गोड खाऊन डाव्या कुशीवर पड” हे करत बसू नका. काल जाऊन आलात आणि आज पुन्हा तसंच वाटतंय, तर पुन्हा जा. तिसऱ्यांदा जायला लाज वाटते हे मला माहीत आहे. तरी जा.

(लसी: डांग्या खोकल्याची १६ आठवड्यांनंतर, आरएसव्हीची (बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणारा विषाणू) २८ नंतर, हंगामात फ्लूची.)

पायरी ७: प्रसूतीच्या खोलीत संमती म्हणजे काय

१९६९ मध्ये कव्हेंट्रीत २१ दक्षिण आशियाई बायकांना एका संशोधनासाठी रोज चपात्या पोचवल्या गेल्या. त्यांच्या समाजात रक्तक्षय का जास्त, ते शोधायचं होतं. चपात्यांत किरणोत्सारी लोह मिसळलेलं होतं. बऱ्याच जणींना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि आपण काय खातोय हे त्यांना समजेल असं सांगितलं गेलं नाही. हे प्रकरण १९९० च्या दशकात टीव्हीवरच्या माहितीपटातून बाहेर आलं आणि २०२३ मध्ये पुन्हा संसदेपर्यंत गेलं. आज असं कुणी करणार नाही. पण समोर फॉर्म आला की न वाचता सही करायची आपली खोड अजून आहे.

स्कॉटलंडच्या नॅडीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता आणि त्या चणीने लहान होत्या. १९९९ मध्ये बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांनी त्यांना सांगितला नाही, सांगितला तर सिझेरियन मागतील म्हणून. खांदे अडकले आणि बाळाच्या मेंदूला इजा झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला धोका आणि दुसरे पर्याय डॉक्टरांनी तुम्हाला सांगायलाच हवेत. त्यामुळे प्रश्न विचारलात तर तुम्ही आगाऊपणा करत नाही, कायद्याने त्यांच्यावर असलेलं काम त्यांना करू देता.

चार प्रश्न लक्षात ठेवा, घाईतही दोन मिनिटांत होतात: याचा फायदा काय? धोका काय? दुसरा पर्याय काय? आणि काहीच केलं नाही तर काय? उत्तर नवऱ्याने लिहून घ्यावं. भाषांतराऐवजी हे काम त्याला द्या, वेळ आणि नाव टाकून.

ऐकून घेतच नाहीत असं झालं तर आवाज चढवण्याआधी हे म्हणा: “मी हे लक्षण सांगितलं आणि तुम्ही तपासलं नाही, याची नोंद माझ्या कागदात करा.” मी हे वाक्य चार-पाच वेळा तरी भाषांतरित केलंय. दर वेळी तपासणी झाली. त्यानंतरही नाही जमलं तर वॉर्डची मुख्य मिडवाइफ किंवा कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) मागा. मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीचा २०२१ मध्ये सेप्सिसने मृत्यू झाला, आईवडिलांची काळजी ऐकून न घेतल्यामुळे. त्यानंतर ‘मार्थाज रूल’ आला: प्रकृती ढासळतेय असं वाटलं तर घरच्यांना स्वतः दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावता येतं. २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत तो टप्प्याटप्प्याने आलाय. तुमच्या प्रसूती विभागात आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

पायरी ८: सव्वा महिना

आता आई येते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळं घेऊन. येऊ दे, लाडू खा. (तिचा प्रवासविमा मात्र काढा. व्हिजिटर म्हणून आलेल्या आईला रुग्णालयाचं बिल दीडपट लागतं.) शेगडी आणि धुरी नको. बाळाच्या फुप्फुसांचं कारण तर आहेच, शिवाय स्मोक अलार्म वाजून सगळी इमारत रस्त्यावर येते, आणि हे मी कल्पनेने लिहीत नाहीये.

दोन रिवाज मात्र मोडाच. पडून राहणं आणि पाणी कमी पिणं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो. सिझेरियननंतर त्यासाठी पोटात घ्यायची इंजेक्शनं घरी देतात. “नॉर्मल वाटतंय” म्हणून ती फ्रिजशेजारच्या कपाटात तशीच राहिलेली मी पाहिली आहेत. ठरलेली सगळी घ्या. घरातल्या घरात फिरा, भरपूर पाणी प्या. आजीला पटत नसेल तर सांगा की डॉक्टरने सांगितलंय. श्वास अडकला, छातीत दुखलं, तर ९९९. कमी तातडीचं असेल तर १११.

मनाचंही. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या मातामृत्यूंत आत्महत्या हे एक मोठं कारण आहे. हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांच्या घरी जाणारी परिचारिका) घरी येते, दहा प्रश्नांचा कागद देते. एडिंबरामध्ये १९८७ साली तयार झालेली ही प्रश्नावली. “इतकं गोड बाळ आहे आणि तू रडतेस काय” म्हणणारी मावशी शेजारी बसलेली असेल, तर ती भरू नका. एकटीने भरा, दुभाषी मागा. सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे तुमची स्वतःची तपासणी असते. ती फक्त बाळाचीच होऊन संपत असेल तर “आणि माझी?” विचारा.

पायरी ९: सावळं बाळ

हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. निरुपद्रवी, बहुधा काही वर्षांत फिके होतात. पण ज्याने ते पाहिलेले नाहीत त्याला मुका मार वाटतो, आणि मग बालसंरक्षणवाले घरी येतात. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीतच डाग कुठे, किती मोठे, हे बाळाच्या लाल पुस्तकात (आरोग्याच्या नोंदवहीत) लिहून घ्या. तारखेसह फोटोही ठेवा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याची ही नोंद नव्हती. सहा आठवड्यांचं बाळ आणि दोन दिवसांची चौकशी, त्या आईने पुढे कितीतरी महिने बाळाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की हात थरथरतात म्हणून सांगितलं.

कावीळ ‘पिवळं दिसतंय का’ म्हणून कातडीवर शोधू नका. दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, तळहात-तळपाय बघा. निळं पडणं ओठांपेक्षा जिभेवर आणि हिरड्यांवर आधी ओळखू येतं. ‘बाळ गुलाबी आहे ना?’ हा प्रश्न आपल्या बाळांना लागू पडत नाही. २०२३ मध्ये एनएचएसच्याच वंश आणि आरोग्य वेधशाळेने या गोऱ्या मापदंडांवर बोट ठेवलंय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच, सावळ्या-काळ्या कातडीवर ते ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. आकडा ९५ असला आणि बाळ दूध सोडून धापा टाकत असलं, तर बाळावर विश्वास ठेवा.

आईवडील किंवा आजीआजोबा भारतात जन्मलेले असतील तर बाळाला बीसीजी मिळते. साधारण २८ दिवसांनी. पत्र आलं नाही तर विचारा. काजळ घालू नका, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायचीच असेल तर ती कपाळावर न लावता झबल्यावर लावा. दृष्ट तिथूनही निघते म्हणे.

पायरी १०: काही बिनसलं तर

आधी आपल्या नोंदींची प्रत मागा, ती मिळण्याचा हक्क आहे. मग पाल्स, म्हणजे रुग्णालयातला रुग्ण-मदत कक्ष. औपचारिक तक्रार साधारण वर्षाच्या आत करावी लागते. तक्रार नको, नुसतं काय घडलं ते समजून घ्यायचंय, तर बऱ्याच ठिकाणी मिडवाइफबरोबर बसून तुमच्याच बाळंतपणाच्या नोंदी वाचायची सोय असते. तिथेही दुभाषी मिळतो. एका बाईने अशा भेटीत मला विचारलं होतं, “मी तेव्हा ओरडले का नाही, ते त्यात लिहिलंय का?” मी ते जसंच्या तसं भाषांतरित केलं. मिडवाइफने पानं उलटली. त्या रात्री दुभाष्याच्या रकान्यात ‘गरज नाही’ असं लिहिलं होतं.

आणि सगळ्या फॉर्मांवर वंशाचा रकाना असतो. ‘सांगायचं नाही’ यावर खूण करून मोकळे होऊ नका, ‘इंडियन’ भरा. तिप्पट आणि दुप्पट हे आकडे त्या रकान्यातूनच निघालेत.